ब्रुकलिनमधला वाद
या प्रकरणात विवेकानंदांना मी बरीच वर्षे दोषी धरत होतो. १८९५ साली ब्रुकलिनमध्ये त्यांनी बालविधवांच्या छळाच्या हकिकती नाकारल्या. तिथल्या रमाबाई सर्कलच्या स्त्रिया खवळल्या आणि ‘ब्रुकलिन डेली ईगल’मध्ये वाद पेटला. अशा सर्कलांच्या देणग्यांवरच पंडिता रमाबाईंचे पुण्यातले शारदा सदन चाले, राग येणारच. पुण्यात तेव्हा केशवपनही चालू होते! पण मजकूर तारीखवार लावल्यावर एप्रिलमधले व्याख्यान दिसले. त्याचे उत्पन्न बंगालमधल्या शशिपद बॅनर्जींच्या विधवाशाळेसाठी होते. परक्यांपुढे घरची बाजू सावरताना ते जास्त बोलून गेले, असे माझे मत. विधान चुकीचेच होते. पण ‘विधवांविषयी बेफिकीर’ हा शेरा मी माझ्या वहीतून खोडला. रमाबाईंच्या बाजूचे पान तसेच ठेवले आहे.