उष्णतेचें वेळापत्रक

थंड देशांत घर उबदार ठेवणें हा केवळ सुखाचा नव्हे, तर जीविताचाच प्रश्न होय. तेथील लोकांनीं अग्नि घरांत कसा खेळविला, हें पुष्कळांनीं सांगितलें आहे. परंतु तो वेळेवर मंद करण्यास मनुष्य कसा शिकला, याचा इतिहास आम्हांस अधिक उद्बोधक वाटतो.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर येथील अध्यापनशाळेंत वॉरन जॉन्सन हे अध्यापक होते. वर्ग चालू असतां शिपायानें आंत येऊन उष्णतामापक पाहावा आणि तळघरांत जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त कराव्या, असा तेथील परिपाठ होता. या व्यत्ययास कंटाळून जॉन्सन यांनीं खोलींतील उष्णमान विजेच्या योगें तळघरांत कळविणारें यंत्र योजिलें व १८८३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें १८८६ सालीं मिनीआपोलिसच्या आल्बर्ट बुट्झ यांनीं खोली गार होतांच भट्टीची झडप आपोआप उघडणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. विसाव्या शतकांत अशा यंत्रांस घड्याळाची जोड मिळाली. रात्रीं ऊब उतरावी व पहाटे चढावी, हें ठरवून ठेवणें शक्य झालें.

तथापि एक समजूत आड आली. घर थंड होऊं दिल्यास तें पुन्हा तापविण्यास वाचल्याहून अधिक इंधन लागतें, असें अनेकांस वाटे, आजही वाटतें. गळकी घागर जितकी भरलेली, तितकी धार जोराची. घराचेंही तसेंच आहे. आंतबाहेरच्या उष्णमानांत जितकें अंतर, तितकी उष्णता भिंतींतून व फटींतून वेगानें निसटते. मग कोणी पिणारा नसतां रात्रभर घागर कांठोकांठ भरीत बसण्यांत शहाणपण तें कोणतें?

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखल्यावर अध्यक्ष निक्सन यांनीं घरांतील ऊब कमी करण्याचें आवाहन केलें. १९७७ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष कार्टर यांनीं लोकरी स्वेटर घालून जनतेस विनविलें कीं, दिवसा ६५ व रात्रीं ५५ अंश फॅरनहाइटवर भागवावें. पुढें वेळ लावून ठेवण्याचीं यंत्रें सर्वत्र झालीं; पण अमेरिकन सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेनें त्यांस दिलेली मान्यतेची खूण २००९ सालीं काढून घेतली. अपेक्षित बचतीची खात्री पटेना. यंत्र भिंतीवर होतें, पण त्याच्या कळा फिरविण्यास पुष्कळांस सवड नव्हती!

आपल्याकडे प्रश्न उलट, म्हणजे थंडाव्याचा आहे. नियम मात्र तोच. २०२० च्या जानेवारीपासून खोलीसाठीं नवीं वातानुकूलन यंत्रें आरंभीं २४ अंश सेल्सिअसवरच चालूं व्हावींत, असा दंडक आपल्या सरकारनें घातला. तो योग्यच आहे. परंतु माणसें बाहेर पडल्यावरही यंत्र रिकामी खोली गार करीत राहिलें, तर दोष यंत्राचा नव्हे. झडप आपोआप हालूं लागली, तरी वेळ ठरविण्याचें काम अद्यापि गृहस्थाकडेच आहे.