स्पॉन्सरशिप लागेल का? : एका प्रश्नाची कुळकथा

अमेरिकेतल्या नोकरीचा कुठलाही ऑनलाइन अर्ज भरायला घ्या. नाव, शिक्षण, अनुभव झालं की शेवटाकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘अमेरिकेत काम करण्याची तुम्हाला कायदेशीर परवानगी आहे का?’ आणि ‘नोकरीच्या व्हिसासाठी आत्ता किंवा पुढे कधी तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का?’ उत्तर फक्त हो किंवा नाही. पुण्या-नागपूरहून एमएस करायला गेलेल्या मुलामुलींना हे दोन प्रश्न तोंडपाठ असतात. दुसऱ्यावर ‘हो’ म्हटलं की अनेकदा अर्ज तिथेच संपतो, हेही त्यांना ठाऊक असतं.

नवल वेगळंच आहे. कंपनी बदलली, राज्य बदललं, तरी प्रश्नांचे शब्द जवळपास तेच राहतात. तुमचा देश कोणता, जन्म कुठला, नागरिकत्व कोणतं, हे पहिल्या अर्जात सहसा कुणी विचारत नाही. उमेदवाराबद्दल बाकी सगळं खोदून विचारणारा मालक इथेच इतका मोजूनमापून का बोलतो? याचं उत्तर शंभराहून अधिक वर्षांच्या कायद्यात आहे. त्या काळात अमेरिकी मालकाला आधी विचारायची गरज नव्हती, मग विचारणं सक्तीचं झालं, आणि लगोलग किती विचारायचं नाही हेही शिकवावं लागलं.

या प्रश्नाचा मूळपुरुष मात्र मालकाच्या तोंडी नव्हता, सरकारी निरीक्षकाच्या तोंडी होता. आणि त्याचं बरोबर उत्तर आजच्या नेमकं उलट होतं. १८८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कंत्राटी परदेशी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. युरोपातून स्वस्त मजूर करार करून आणायचे आणि त्यांच्या बळावर इथल्या कामगारांची मजुरी पाडायची, या धंद्याविरुद्ध कामगार संघटनांनी तो करवून घेतला होता. पुढे १८९२ पासून न्यू यॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या माणसाला विचारलं जाई, इथे काम आधीच ठरलंय का? ‘हो’ म्हणणारा कंत्राटी मजूर ठरून परत पाठवला जाऊ शकत असे. पण पोट भरायची ऐपत दिसली नाही, तर समाजावर भार होईल म्हणूनही परत पाठवता येत असे. म्हणजे अंगात काम करण्याची धमक हवी, पण हातात काम नको.

त्या कायद्याचा फटका एका चर्चलाही बसला. न्यू यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून करार करून धर्मोपदेशक आणला, म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चला सोडवलं. कायदा अंगमेहनतीच्या मजुरांसाठी आहे, धर्मोपदेशकासाठी नाही, असा अर्थ लावला. बुद्धिजीवी परदेशी माणूस वेगळ्या दारातून आत येणार, याची ती फार आधीची खूण म्हणता येईल.

सीमेच्या आत आलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला मात्र पुढे कित्येक दशकं कुणी काही विचारलं नाही. १९५२ च्या कायद्याने कागदपत्रांविना आलेल्या माणसाला आसरा देणं किंवा लपवणं हा गंभीर गुन्हा ठरवला, आणि त्याच कलमात एक ओळ घातली की नोकरीवर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे. टेक्सासच्या शेतमालकांच्या दबावातून आलेली ही ओळ ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणून ओळखली जाते. पकडला गेलेला मजूर हद्दपार होई. त्याच्या घामावर पीक काढणारा मालक निर्धास्त राही. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. योजना बंद झाली तरी शेतं आणि त्यांना लागणारे हात होतेच. तीच माणसं आता कागदांविना येऊ लागली. मालकाने कागद मागावेत असं त्याच्या सोयीचंही नव्हतं आणि कायद्याचीही तशी अपेक्षा नव्हती.

सत्तरच्या दशकात हे बदलू लागलं. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये अशा कामगारांना जाणूनबुजून नेमणाऱ्या मालकाला दंड लावणारा कायदा केला, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा तो अधिकार मान्य केला. त्याआधी, १९७३ मध्ये, त्याच न्यायालयाने एक वेगळाच निकाल दिला होता. सॅन अँटोनिओतल्या फारा मॅन्युफॅक्चरिंग या कपड्यांच्या कारखान्याने एका मेक्सिकन बाईला शिवणकामाची नोकरी नाकारली होती. ती कायदेशीर रहिवासी होती, फक्त अमेरिकेची नागरिक नव्हती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ‘राष्ट्रीय मूळ’ पाहून भेदभाव करायला बंदी होती. न्यायालय म्हणालं, राष्ट्रीय मूळ वेगळं आणि नागरिकत्व वेगळं. त्या कारखान्यातले ९६ टक्क्यांहून अधिक कामगार मेक्सिकन वंशाचेच होते. मग वंशद्वेष कसा म्हणायचा? या निकालाने एक मोठी फट उघडी राहिली. ‘तू मेक्सिकन आहेस म्हणून नको’ हे बेकायदा, पण ‘तू नागरिक नाहीस म्हणून नको’ हे चालण्यासारखं.

मग आला १९८६ चा इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल ॲक्ट. फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८१ मध्येच शिफारस केली होती की मालकांना दंड लावा आणि आधीपासून राहणाऱ्यांना कायदेशीर करा. काही वर्षांच्या रस्सीखेचीनंतर ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केली. सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, टेक्सासची पळवाट बुजली, आणि पहिल्यांदाच देशभरातल्या प्रत्येक मालकावर नव्या माणसाचे कागद तपासण्याची जबाबदारी आली. जाणूनबुजून बेकायदा माणूस नेमला तर पहिल्या खेपेला माणशी २५० ते २,००० डॉलर दंड.

हा कायदा घडत असतानाच एक भीती बोलून दाखवली जात होती. दंडाच्या धाकाने मालक सोपा मार्ग काढतील. आडनाव स्पॅनिश वाटलं, रंग सावळा दिसला, बोलण्यात हेल आला की ‘नकोच ती भानगड’ म्हणून दार लावतील. हिस्पॅनिक लोकप्रतिनिधींचा विरोध मुख्यतः यासाठीच होता. त्यावर प्रतिनिधी बार्नी फ्रँक यांच्या दुरुस्तीतून कायद्यात भेदभावविरोधी कलम आलं. चार किंवा अधिक कर्मचारी असणाऱ्या मालकाला आता नेमताना आणि काढताना नागरिकत्वावरूनही भेद करता येईना, आणि तक्रारी ऐकायला न्याय खात्यात स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. फारा खटल्याने उघडी ठेवलेली फट अशी बऱ्याच अंशी बुजली. बऱ्याच अंशीच, कारण दोन उमेदवार अगदी तुल्यबळ असतील तर नागरिकाला पसंती देण्याची मुभा त्याच कलमात ठेवलेली आहे.

या दुहेरी कायद्याचं अपत्य म्हणजे आय-९ हा फॉर्म, १९८७ पासून सुरू झालेला. त्याची रचना पाहिली की मालकाचं तोंड कुठे बांधलंय ते कळतं. माणसाने आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. मालकाने त्यापुढच्या तीन कामकाजी दिवसांत कागद पाहायचे. कागदांच्या तीन याद्या आहेत. पहिलीतला एक कागद पुरतो: अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड वगैरे. नाहीतर दुसऱ्या यादीतला ओळखीचा एक, जसं ड्रायव्हिंग लायसन्स, आणि तिसरीतला परवानगीचा एक, जसं सोशल सिक्युरिटी कार्ड. कोणता कागद दाखवायचा हे नोकरी घेणारा ठरवतो, देणारा नाही. मालकाने एवढंच पाहायचं की कागद वरकरणी खरा वाटतो आणि समोरच्या माणसाचाच वाटतो.

कागद तपासायचे ते नेमणूक ठरल्यावर, हा क्रमही महत्त्वाचा. फोनवरच नोकरी देऊ केली आणि कागद नंतर पाहिले, यात मालकाचा दोष आहे असं सरकारने एका खटल्यात म्हणून पाहिलं. कॉलिन्स फूड्स नावाच्या कंपनीच्या त्या खटल्यात १९९१ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं. नोकरी देण्याआधीच कागद मागू लागलं तर दिसण्यावरून माणसं गाळण्याला वाव मिळेल, असा त्यामागचा विचार होता.

भीती खोटी नव्हती. काँग्रेसच्या लेखातपासणी संस्थेने १९९० मध्ये अहवाल दिला की सुमारे १० टक्के मालकांनी नव्या कायद्यानंतर राष्ट्रीय मुळावरून भेदभाव सुरू केला होता. शिकागो आणि सॅन डिएगोत सारख्याच पात्रतेच्या जोड्या करून, एक गोरा आणि एक हिस्पॅनिक, नोकऱ्या मागायला पाठवल्या गेल्या. गोऱ्यांना ५२ टक्के अधिक नोकऱ्या देऊ केल्या गेल्या. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने मग जादा किंवा ठरावीकच कागद मागणंही बेकायदा ठरवलं. मालकांना दंड लावण्याच्या बाजूने असलेल्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने २००० मध्ये उघडपणे माघार घेतली आणि ते कलमच रद्द करा म्हणू लागला.

आता प्रश्न असा की, कागद नेमणुकीनंतर पाहायचे, तर अर्जातल्या त्या दोन प्रश्नांचं काय? मालकांनी न्याय खात्याच्या कार्यालयाला हेच विचारलं आणि उत्तर मिळालं ते याच सावध शब्दांत: परवानगी आहे का, आणि स्पॉन्सरशिप लागेल का, इतकं विचारा. वकिलांनी ते शब्द उचलले, एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बसले. ‘तुम्ही नागरिक आहात का’ असं विचारायला थेट बंदी नाही, पण विचारून नोकरी नाकारली तर तो प्रश्नच मालकाविरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं कूळ मात्र निराळं. १९५२ च्याच कायद्याने एच-१ हा व्हिसा आणला, आणि त्यासाठी अर्ज करायचा तो येणाऱ्याने नव्हे, आणणाऱ्या मालकाने. १९९० मध्ये त्यातून एच-१बी निघाला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घेऊन. पुढे २००४ च्या कायद्याने अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० आले. १८८५ मध्ये हातात नोकरी असणं हा गुन्हा होता; एच-१बीत नोकरी हातात नसेल तर अर्जच होत नाही. स्पॉन्सरशिपचा प्रश्न म्हणूनच उमेदवारापेक्षा मालकाच्या खर्चाचा आणि कटकटीचा आहे. ‘आत्ता किंवा पुढे’ हे शब्दही सहज आलेले नाहीत. ओपीटीवरच्या, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची मुभा मिळालेल्या मुलाच्या हातात ईएडी असतं, म्हणून पहिल्या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. एक वर्ष, आणि स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताची) पदवी असेल तर आणखी दोन वर्षं संपली की एच-१बी लागणारच, म्हणून दुसऱ्यालाही ‘हो’ म्हणावं लागतं.

आणि इथे कायदा हात वर करतो. नागरिकत्वाच्या भेदभावापासून संरक्षण आहे ते नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना, निर्वासितांना आणि आश्रय मिळालेल्यांना. ग्रीन कार्डवाल्यानेही पात्र झाल्यावर सहा महिन्यांत नागरिकत्वाचा अर्ज केला नाही तर त्याचं हे संरक्षण जातं. एच-१बी किंवा ओपीटीवरचा माणूस या यादीतच नाही. ‘आम्ही स्पॉन्सर करत नाही’ हे वाक्य म्हणून पूर्णपणे कायदेशीर आहे. ‘आम्ही भारतीय घेत नाही’ हे नाही.

चुका मोठमोठ्यांकडूनही झाल्या. ग्रीन कार्डवाल्यांकडून परदेशी पासपोर्ट मागितल्याच्या आरोपावरून जनरल मोटर्सने २०२३ मध्ये ३,६५,००० डॉलर भरले. उलट बाजूनेही प्रकरणं झाली. व्हिसावरच्या कर्मचाऱ्यांना ग्रीन कार्ड मिळवून देताना अमेरिकी उमेदवारांना त्या जागांसाठी अर्ज करणं अवघड केलं, या आरोपावरून फेसबुकने २०२१ मध्ये आणि ॲपलने २०२३ मध्ये तडजोड केली. ॲपलची रक्कम अडीच कोटी डॉलरपर्यंत होती. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने व्हिसा आणि आय-९ विषयीच्या आरोपांवरून २०१३ मध्ये ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. कंपनीने व्हिसा घोटाळ्याचा आरोप नाकारला, आय-९ च्या कागदांतल्या चुका मान्य केल्या.

उमेदवाराच्या बाजूने सगळ्यात महाग पडते ती एक चुकीची खूण. आय-९ वर ‘मी अमेरिकी नागरिक’ या चौकटीत खोटी खूण केली तर १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डचा रस्ता जवळपास कायमचा बंद होऊ शकतो. स्पॉन्सरशिपच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मुलाखत पदरात पाडून घेणाऱ्यांचीही पुढे पंचाईत होते, कारण खरं काय ते एच-१बी भरायची वेळ आली की कळतंच.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. महिनाभरातच सरकारने स्पष्ट केलं की अमेरिकेत राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला ते लागू नाही. म्हणजे ओहायोत शिकणारी मुलगी आणि पुण्यात बसून अर्ज करणारा तिचा वर्गमित्र, दोघंही दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणार, पण मालकाच्या लेखी त्या दोन ‘हो’मध्ये एक लाख डॉलरचं अंतर. हा नियम टिकला तर मालकांना तिसरा प्रश्न हवासा वाटेल: तुम्ही आत्ता अमेरिकेत आहात का? त्यात ना नागरिकत्व विचारलेलं, ना देश, ना वंश. आणि ज्याला तो सगळ्यात जास्त भोवेल, त्या व्हिसाच्या उमेदवारासाठी १९८६ च्या कायद्याने ते संरक्षण ठेवलेलंच नव्हतं.