विमानाचा पंखा आणि पात्याचा कोन



घरातील छताचा पंखा बंद असताना त्याच्या पात्यांकडे एकदा नीट पाहा. ती सपाट नसून किंचित तिरपी बसविलेली असतात. हा तिरपेपणा काढून टाकला, तर पंखा कितीही जोरात फिरो, वारा लागणार नाही. विमानाच्या पंख्याचे, म्हणजे प्रोपेलरचे, सारे रहस्य या कोनातच आहे.

विल्बर व ऑर्व्हिल राइट हे अमेरिकेतील डेटन गावचे सायकल दुकानदार. दोघांनीही कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. विमानासाठी त्यांनी जहाजाच्या पंख्याचे शास्त्र धुंडाळले, परंतु उपयोगी पडेल असा सिद्धान्त सापडेना. तेव्हा प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच होय, हे त्यांनी स्वतः विचार करून ओळखले. पात्याचे टोक मुळापेक्षा वेगाने फिरते. म्हणून कोन मुळाशी जास्त व टोकाकडे कमी हवा. हे गणित मांडून त्यांनी लाकडाची पाती हाताने तासली. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ त्यांचे विमान प्रथम उडाले, ते १२ सेकंद आणि १२० फूट!

पुढे विमानांचा वेग वाढला व नवी अडचण उभी राहिली. घाट चढताना एस. टी. चा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो व सपाटीवर वरचा. विमानाचेही तसेच आहे. जमिनीवरून उठताना पात्याचा कोन लहान हवा, म्हणजे इंजिन पूर्ण जोराने फिरते. वेगाने जाताना तो मोठा हवा. पण कोन पक्का बसविलेला असेल तर वैमानिकाने काय करावे? १९२७ साली लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा निघाला, तेव्हा त्याने लांबच्या प्रवासाला सोयीचा कोन पसंत केला. परिणामी इंधनाने जड झालेले विमान ओल्या मैदानावरून कसेबसे उठले आणि टेलिफोनच्या तारांवरून थोडक्यात निसटले.

यावर अमेरिकन इंजिनिअर फ्रँक कॉल्डवेल याने उपाय काढला. तेलाच्या दाबाने उडत्या विमानातही पात्याचा कोन बदलता येऊ लागला. उंचावरील विमानतळांवरून उठताना अडखळणाऱ्या बोइंग २४७ विमानाला १९३३ मध्ये हे पंखे बसविले, तेव्हा त्याची उठण्यापूर्वीची धाव सुमारे एक पंचमांशाने कमी झाली.

यानंतर आला गव्हर्नर. त्यात इंजिनाबरोबर फिरणारी दोन लहान वजने असतात. इंजिन ठरावापेक्षा जोरात फिरू लागले की वजने बाहेर फेकली जातात, तेलाची झडप सरकते व पात्याचा कोन वाढतो. हवेचा भार वाढताच इंजिन पुन्हा ठरलेल्या गतीवर येते. गती मंदावली तर याच्या उलट घडते. वैमानिकाने फक्त गती ठरवावयाची. कोन आपोआप सांभाळला जातो. इंजिन बंद पडलेच, तर पाती वाऱ्याला कड करून वळविता येतात, म्हणजे त्यांचा अडथळा कमी होतो व उरलेल्या इंजिनावर विमान सुखरूप नेता येते.

कोनाचे मोल १९४० साली इंग्लंडला कळले. स्पिटफायर व हरिकेन विमानांपैकी अनेकांच्या पात्यांना दोनच कोन होते. त्या उन्हाळ्यात डी हॅव्हिलंड कंपनीच्या कारागिरांनी तळांवर जाऊन हजाराहून अधिक विमानांना गव्हर्नरचे पंखे जोडले. इंजिन तेच, वैमानिक तेच. परंतु विमाने लवकर वर चढू लागली. शत्रूच्या आधी उंची गाठणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता.

आजही लहान शहरांना जोडणाऱ्या एटीआर विमानांत हेच तत्त्व वापरतात. विमान तळावर उभे असेल तेव्हा पाहा, पाती कड पुढे करून वळलेली दिसतील.

पालकहो, “पंख्याची पाती वाकडी का?” असे मुलाने विचारले तर त्याला गप्प करू नका. राइट बंधूंनीही असाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर सापडेपर्यंत तो सोडला नव्हता.