नागरी स्वराज्य व नागरिकत्व : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

नगराच्या हद्दीत राहणाऱ्या लोकांनी आपले सार्वजनिक व्यवहार स्वतः निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत चालविण्याच्या पद्धतीस नागरी स्वराज्य म्हणतात. लोकसंमती, मर्यादित शासन, अधिकारविभाजन व संघराज्य या तत्त्वांचा लिखित संविधानात प्रथम व्यापक अवलंब अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी केला. भारतीय संविधानाने त्यांतील काही तत्त्वे स्वीकारली, काहींना निराळे रूप दिले. ही तत्त्वे राष्ट्राच्या पातळीवर सुस्पष्ट दिसतात. परंतु कोणते गाव कोणत्या शहरात असावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला म्हणजे त्यांची खरी कसोटी लागते. ठाणे व विशेषतः कल्याण-डोंबिवली या नगरांचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास उपयुक्त आहे.

अमेरिकन शासनाची मूलतत्त्वे : शासनाची न्याय्य सत्ता शासितांच्या संमतीतून निर्माण होते, हा सिद्धांत १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मांडला गेला. १७८७ मध्ये तयार झालेल्या व १७८९ पासून अंमलात आलेल्या संविधानाने विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही शासनाची अंगे परस्परांपासून वेगळी केली आणि प्रत्येकाला दुसऱ्यावर नियंत्रण ठेवण्याची साधने दिली. १७९१ मध्ये अंतर्भूत झालेल्या पहिल्या दहा दुरुस्त्यांनी नागरिकांचे हक्क निश्चित केले. त्यांपैकी दहाव्या दुरुस्तीने संघशासनास न दिलेले व घटक राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांसाठी किंवा लोकांसाठी राखून ठेवले. गुलामगिरीच्या उच्चाटनानंतर चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) अमेरिकेत जन्मलेली वा रीतसर नागरिकत्व मिळविलेली आणि तिच्या अधिकारकक्षेत येणारी व्यक्ती ही संघाची व ती राहत असलेल्या राज्याची अशी दुहेरी नागरिक ठरविली. मताधिकाराचा विस्तार मात्र सावकाश झाला. वंशावरून मत नाकारण्यास १८७० मध्ये, तर लिंगावरून नाकारण्यास १९२० मध्ये बंदी झाली.

या संविधानात नगरांचा उल्लेख नाही. त्यामुळे नगर ही घटक राज्याने निर्माण केलेली संस्था मानली जाते. आयोवा राज्यातील न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये हे मत ठामपणे मांडले. राज्याने स्पष्टपणे दिलेले आणि त्यांतून अपरिहार्यपणे निघणारे अधिकार तेवढेच नगराचे, असा त्याचा आशय असून ‘डिलनचा नियम’ या नावाने ते ओळखले जाते. यावर तोड म्हणून मिसूरी राज्याने १८७५ च्या संविधानात मोठ्या नगरांना आपली सनद स्वतः तयार करण्याची मुभा दिली व पुढे अनेक राज्यांनी हा मार्ग स्वीकारला. तरी मूळ नियम कायम राहिला. पेनसिल्व्हेनियातील ॲलेगेनी हे नगर शेजारच्या पिट्सबर्गमध्ये विलीन करताना दोन्ही नगरांची मते एकत्र मोजण्यात आली. ॲलेगेनीच्या मतदारांचा बहुमताने विरोध असूनही मोठ्या नगराच्या मतांपुढे तो टिकला नाही. नगरांच्या हद्दी वाढविणे, घटविणे वा ती एकत्र करणे हा राज्याचा अधिकार असून त्यास रहिवाशांची संमती आवश्यक नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये दिला. या अधिकारासही सीमा आहे, हे १९६० च्या एका निर्णयाने स्पष्ट झाले. ॲलाबॅमा राज्याने टस्कीगी नगराची हद्द अशी आखली होती, की जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मतदार नगराबाहेर जावेत. ही आखणी मताधिकाराचा भंग करणारी असल्याचे न्यायालयाने मानले.

मराठी समाजाचा परिचय : महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिलेल्या पंडिता रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त (१८८९) या ग्रंथात तेथील राज्यव्यवस्थेची माहिती मराठी वाचकांस दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी अमेरिकन व भारतीय व्यवस्थांची तुलना केली आणि अमेरिकेप्रमाणे दुहेरी नागरिकत्व न ठेवता भारतात एकच नागरिकत्व राहील, हे स्पष्ट केले. मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले.

नगरपालिकांचा उदय : मुंबई-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. याच सुमारास या भागात नगरपालिका स्थापन होऊ लागल्या. १८५० चा सव्विसावा अधिनियम हा ऐच्छिक स्वरूपाचा होता. नगराच्या रहिवाशांची इच्छा असल्याचे दिसून आल्यावरच तो तेथे लागू करावयाचा होता. कल्याण नगरपालिका १८५५ मध्ये व ठाणे नगरपालिका १८६३ मध्ये स्थापन झाली. संमतीचे तत्त्व असे नागरी स्वराज्याच्या आरंभीच दिसत असले, तरी ते मर्यादित होते. समितीचे सदस्य सरकारनियुक्त असत व जिल्हाधिकाऱ्याचे वर्चस्व असे. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर निर्वाचित सदस्यांचे प्रमाण वाढू लागले. तथापि मताधिकार कर, मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून राहिला. प्रत्येक प्रौढ रहिवाशास मत मिळाले ते स्वातंत्र्यानंतरच. संविधानाच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर्षे झाले व १९८९ पासून ते अंमलात आले.

निर्वासितांचे नागरिकत्व : फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय कल्याणजवळील दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावण्यांत करण्यात आली. या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. अशा लोकांचे नागरिकत्व संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने निश्चित केले. स्वतः, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणी अविभक्त भारतात जन्मलेले असावे, ही सामान्य अट होती. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिलेल्यांना नोंदणीची आवश्यकता नव्हती. त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करावी लागे. अल्पावधीत छावणीतील निर्वासित मतदार झाले व स्वतःची नगरपालिका चालवू लागले. पुढे महानगरपालिकेच्या हद्दीचा पहिला मोठा वाद उभा राहिला, तेव्हा याच नगराच्या विरोधास निर्णायक महत्त्व आले.

महानगरपालिकांची स्थापना : मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला. एखादे क्षेत्र महानगरपालिकेचे म्हणून घोषित करण्याचा व तिची हद्द बदलण्याचा अधिकार त्याने राज्य शासनास दिला. भोवतालची गावे समाविष्ट करून ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. त्याच वर्षी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ व उल्हासनगर या नगरांची एक महानगरपालिका करण्याचा प्रस्ताव शासनाने प्रसिद्ध केला. त्यावर बऱ्याच हरकती आल्या. शासनाने उल्हासनगरचा विरोध मान्य करून ते नगर वगळले. अंबरनाथचा समावेश मात्र कायम ठेवला. १ ऑक्टोबर १९८३ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. पुढे ती कल्याण-डोंबिवली या जोडनावाने ओळखली जाऊ लागली.

एका नगराचे म्हणणे ऐकले, तर इतरांचे का नाही, या प्रश्नावर झालेला वाद ‘भाटिजा खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे. उच्च न्यायालयाने शासनास प्रस्तावाचा फेरविचार करण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो निर्णय फिरविला. महानगरपालिकेचे क्षेत्र निश्चित करणे हे विधानात्मक स्वरूपाचे कार्य आहे. त्यामुळे कायद्याने सांगितलेल्या हरकतींचा विचार करणे पुरेसे असून त्यापलीकडे प्रत्येकास सुनावणी देण्याचे बंधन शासनावर नाही, असे न्यायालयाने मानले. भिन्न संविधाने, भिन्न काळ व भिन्न युक्तिवाद असूनही पिट्सबर्ग व कल्याण येथील निर्णयांचा निष्कर्ष जवळपास एकच आहे : नगराची हद्द हा रहिवाशांचा संविधानदत्त हक्क नव्हे. पुढे अंबरनाथ व बदलापूर ही नगरेही १९९२ मध्ये वेगळी झाली; परंतु तीही राज्य शासनाच्या निर्णयानेच.

सत्तावीस गावे : कल्याण-डोंबिवलीत समाविष्ट झालेल्या गावांपैकी नांदिवली, भोपर, काटई, संदप, उसरघर, निळजे, सोनारपाडा, माणगाव, दावडी इ. सत्तावीस गावांचा प्रश्न दीर्घकाळ चालला. कर नगराचे, पण पाणी, रस्ते व गटारे मात्र गावाचीच, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. मोठ्या सभागृहात गावांचा आवाज क्षीण होतो, हाही मुद्दा होता. आंदोलनानंतर जुलै २००२ मध्ये शासनाने ही गावे वगळली व तेथे ग्रामपंचायती आल्या. तथापि या भागाच्या नियोजनाचा अधिकार पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामस्थांनी न निवडलेल्या संस्थेकडे गेला. शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, लोकसंख्या वाढली आणि ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न निर्माण झाले. १ जून २०१५ रोजी गावे पुन्हा महानगरपालिकेत आली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झालेल्या निवडणुकीवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन गावांच्या संघर्ष समितीने केले. स्वतंत्र नगरपरिषद ही समितीची मागणी होती.

जून २०२० मध्ये शासनाने सत्तावीसपैकी अठरा गावे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरविले व नऊ गावे महानगरपालिकेत ठेवली. मुंबई उच्च न्यायालयाने ४ डिसेंबर २०२० रोजी ही कार्यवाही रद्द केली. हद्द बदलण्यापूर्वी महानगरपालिकेशी जो विचारविनिमय कायद्याने आवश्यक ठरविला आहे, तो झालेला नाही, हे त्याचे मुख्य कारण होते. गावे कोठे असावीत, याबद्दल न्यायालयाने मत दिले नाही. शासनाने ठरविलेल्या मार्गानेच गेले पाहिजे, एवढे सांगितले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते, की हद्दीच्या बाबतीत नागरिकाचे संरक्षण संमतीच्या हक्कात नसून कार्यपद्धतीत आहे. प्रस्ताव प्रसिद्ध करणे, हरकती घेणे, निर्वाचित संस्थेचे मत विचारणे व त्यानंतर निर्णय करणे, हे त्या कार्यपद्धतीचे टप्पे होत.

अधिकारविभाजन : महानगरपालिकेत धोरण ठरविणारे सभागृह, आर्थिक नियंत्रण ठेवणारी स्थायी समिती व कार्यकारी अधिकार असलेला आयुक्त ही स्वतंत्र प्राधिकरणे आहेत. महापौराकडे प्रत्यक्ष कार्यकारी सत्ता नसते. अमेरिकेतही स्टाँटन (व्हर्जिनिया) येथे १९०८ पासून व डेटन (ओहायओ) येथे १९१४ पासून निर्वाचित सभेखाली व्यावसायिक व्यवस्थापक नेमण्याची पद्धत आली. परंतु तेथे व्यवस्थापकाची नेमणूक व बडतर्फी निर्वाचित सभाच करते. महाराष्ट्रात आयुक्त राज्य शासन नेमते. एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केल्यास त्यास परत बोलावण्याची तरतूद असली, तरी तिचा वापर विरळच झाला आहे. ठाण्यात १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी रस्तारुंदीकरणाची मोठी मोहीम राबविली. आयुक्ताच्या कार्यकारी सत्तेचा आवाका तिच्यामुळे लोकांच्या लक्षात आला. कार्यक्षमता व उत्तरदायित्व यांचा समतोल हा या पद्धतीतील न सुटलेला प्रश्न आहे.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती : अमेरिकन संविधान नगरांविषयी मौन पाळते; भारतीय संविधानात मात्र १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने नगरपालिकांना स्थान मिळाले. पाच वर्षांची मुदत, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा आणि बाराव्या अनुसूचीतील अठरा विषय या तिच्या मुख्य तरतुदी होत. स्त्रियांच्या राखीव जागांचे प्रमाण महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्यावर नेले. या दुरुस्तीची निकड कल्याण-डोंबिवलीच्या अनुभवावरून कळते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. तोवर कारभार प्रशासकाकडे होता. परंतु केवळ तरतूद पुरेशी ठरत नाही, हेही पुढे दिसले. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत २०२० मध्ये व ठाण्याची २०२२ मध्ये संपल्यानंतर प्रथम महासाथ, नंतर आरक्षण व प्रभागरचना यांविषयीचे वाद यांमुळे निवडणुका लांबल्या आणि दोन्ही ठिकाणी अनेक वर्षे पुन्हा प्रशासक राहिले. राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला.

मूल्यमापन : २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८ लाख व कल्याण-डोंबिवलीची सु. १२.५ लाख होती. एवढ्या मोठ्या समाजाचे पाणी, आरोग्य, रस्ते व प्राथमिक शिक्षण या विषयांतील दैनंदिन हित नगरशासनावर अवलंबून असते. राष्ट्राचे नागरिकत्व जन्माने वा नोंदणीने मिळते व ते कायद्याने सुरक्षित असते. नगराच्या नागरिकत्वास असा स्वतंत्र दाखला नाही. मतदारयादीतील नाव, भरलेला कर, वेळेवर होणारी निवडणूक आणि हरकत नोंदविण्याची संधी यांतूनच ते सिद्ध होते. यांपैकी निवडणूक थांबली, की कर देणारा रहिवासी उरतो, पण शासनात सहभागी असलेला नागरिक उरत नाही. लोकसंमतीचे तत्त्व संविधानाच्या प्रास्ताविकात लिहिणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते प्रभागात वेळेवर पाळणे महत्त्वाचे आहे, हा या नगरांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.