प्रकार १ मधुमेह आणि व्यावसायिक सायकल शर्यत

प्रकार १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन बनणे जवळजवळ थांबते. हा आजार जास्त गोड खाल्ल्याने होत नाही आणि पथ्याने जातही नाही. तो बहुधा लहानपणी किंवा ऐन तारुण्यात होतो, आणि इन्सुलिन बाहेरून घेतल्याशिवाय रुग्ण जगत नाही. आपल्याकडे ‘साखर आहे’ म्हटले की डोळ्यांसमोर पोक्त वयातला प्रकार २ येतो, त्यामुळे या दोहोंची गल्लत नित्याची. असा आजार असलेले खेळाडू दिवसाला दोनशे किलोमीटर चालणाऱ्या व्यावसायिक शर्यतींत उतरतात. त्यांनी आजार कसा सांभाळायचा आणि त्याभोवती कोणते संघ व नियम उभे राहिले, हा या नोंदीचा विषय आहे.

निरोगी माणूस सायकल चालवू लागला की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते आणि ग्लुकागॉन वाढवते. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि पुरवठा व खर्च यांचा मेळ आपोआप बसतो. मधुमेही सायकलपटूने टोचलेले इन्सुलिन मात्र परत काढून घेता येत नाही. चढ आला, वेग वाढला, तरी सकाळचा डोस आपले काम करतच राहतो. त्यात भर म्हणजे आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. दोन्हीकडून उपसा सुरू झाला की पातळी झपाट्याने घसरते. ७० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हात थरथरणे, घाम, चिडचिड ही लक्षणे दिसू लागतात आणि ५४ च्या खाली विचारशक्तीच मंदावते. घाटाच्या उतारावर ताशी सत्तर किलोमीटरने घोळक्यात जाणाऱ्याला निर्णयात क्षणभराचा उशीरही परवडत नाही. शिवाय घाम आणि थकवा ही लक्षणे शर्यतीत प्रत्येकालाच असतात, म्हणून शरीराचा इशारा ओळखणे आणखी अवघड.

याच्या उलटही घडते, आणि नवख्याला नेमके तेच चकवते. टाइम ट्रायल किंवा शेवटच्या स्प्रिंटसारख्या थोड्या वेळाच्या पण जीव तोडून केलेल्या श्रमांत अ‍ॅड्रेनलिन उसळते, यकृत साखर ओतते आणि पातळी खाली येण्याऐवजी वर जाते. सुरुवातीच्या रेषेवरच्या नुसत्या ताणानेही ती चढते. ती पाहून घाईने जादा इन्सुलिन घेतले, तर तासाभरात तोच डोस अंगावर येतो. दुसरीकडे, भीतीपोटी इन्सुलिन फारच कमी ठेवले तर शरीर चरबी जाळू लागते, कीटोन साचतात आणि कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका उभा राहतो.

तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दीर्घ व्यायामाला सुरुवात करताना साखर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान असावी. व्यावसायिक सायकलपटू शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम, अलीकडे त्याहूनही जास्त कर्बोदके पोटात घालतात, आणि मधुमेही सायकलपटूलाही ती तेवढीच लागतात. म्हणजे त्याच्या जर्सीच्या खिशातली जेल एकाच वेळी इंधनही असते आणि औषधही. शर्यतीआधीच्या न्याहारीचे इन्सुलिन किती कापायचे, पहिला घास कोणत्या किलोमीटरला घ्यायचा, हे गणित टप्प्याच्या नकाशावरून मांडले जाते. सपाट टप्प्याचे उत्तर डोंगराच्या टप्प्याला लागू पडत नाही.

पूर्वी हे सारे बोटाला सुई टोचून करावे लागे. चालत्या सायकलवर ते किती जमेल, हे सांगायला नको. दंडावर चिकटवायच्या सतत-मापक सेन्सरने चित्र बदलले. ठरावीक मिनिटांनी येणारा आकडा आणि पातळी चढते की उतरते हे दाखवणारा बाण हँडलवरच्या संगणकावर, पॉवरच्या आकड्याशेजारी दिसू शकतो. मात्र सेन्सर रक्तातली नव्हे, तर पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो. त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो आणि जोरदार श्रमांत हे अंतर वाढते. म्हणून अनुभवी सायकलपटू आकड्यापेक्षा बाणाकडे जास्त पाहतो.

शर्यत संपल्यावर खरी कसोटी रात्री लागते. रिकामे झालेले स्नायू कित्येक तास साखर भरून घेत राहतात आणि इन्सुलिनचा परिणामही त्या काळात वाढलेला असतो; त्यामुळे झोपेत साखर उतरण्याची भीती असते. सलग आठ दिवसांच्या शर्यतीत ही भीती रोजची. साखर सावरण्यासाठी मध्यरात्री उठलेला सायकलपटू दुसऱ्या दिवशी पूर्ण झोप झालेल्यांच्या घोळक्यातच उभा राहतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी सवलत देत नाही.

या क्षेत्राचा इतिहास मुख्यतः एका संघाभोवती फिरतो. अमेरिकेचे फिल सदरलँड (जन्म १९८२) सात महिन्यांचे असताना त्यांना हा आजार असल्याचे कळले. मुलगा पंचविशी गाठेल की नाही याची डॉक्टरांना शंका होती. जॉर्जियातल्या अथेन्स शहरात विद्यापीठात शिकताना ते मधुमेही मित्र जो एल्ड्रिज यांच्याबरोबर सराव करत. साखर ज्याची बिघडलेली निघेल त्याने जेवणाचे पैसे द्यायचे, अशी त्यांची पैज असे. या पैजेतून आलेली शिस्त पुढे दोघांनी उभारलेल्या ‘टीम टाइप १’ या संघाच्या उपयोगी पडली. अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या, सुमारे ४,८०० किलोमीटरच्या ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’त हा संघ २००६ मध्ये थोडक्यात दुसरा आला आणि २००७ मध्ये आठ जणांच्या गटात जिंकला. (नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये पार केलेली शर्यत ती हीच.) २००८ पासून संघ व्यावसायिक झाला, पण त्यात मधुमेह नसलेलेही सायकलपटू होते. डॅनिश औषध कंपनी नोव्हो नॉर्डिस्क प्रायोजक झाल्यावर, २०१३ पासून, ‘टीम नोव्हो नॉर्डिस्क’ हा फक्त प्रकार १ मधुमेही सायकलपटूंचा, जागतिक क्रमरचनेत दुसऱ्या श्रेणीचा संघ बनला. ट्रॅकवरच्या स्प्रिंटमध्ये अमेरिकेची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारी मँडी मार्क्वार्ट याच परिवारातली. सोळाव्या वर्षी निदान झाले तेव्हा वरच्या पातळीवरचा खेळ तिला जमणार नाही, असे तिला सांगण्यात आले होते.

नियमांच्या बाजूने पाहिले तर एक विचित्र पेच आहे. इन्सुलिन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम निषिद्ध असलेले द्रव्य आहे. ते स्नायूंत साखर व प्रथिने साठवायला मदत करते, म्हणून निरोगी खेळाडूने घेतले तर ती फसवणूक ठरते. मधुमेही सायकलपटूला त्यासाठी वैद्यकीय सवलतीचा परवाना घ्यावा लागतो. ज्याच्याविना तो जगणार नाही, तेच त्याला कागद दाखवून टोचावे लागते. सेन्सरचेही तसेच. निरोगी सायकलपटू कामगिरी सुधारण्यासाठी तो वापरू लागले, तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२१ मध्ये शर्यतीत असे मापक लावण्यास मनाई केली. मधुमेहींना वैद्यकीय गरज म्हणून मुभा राहिली. २०२३ च्या स्त्राडे बियांके शर्यतीत तिसरी आलेली अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर, जिला मधुमेह नाही, सेन्सर लावल्यामुळे बाद ठरली. हीच फॉकनर पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या रस्ता-शर्यतीत सुवर्णपदक जिंकली.

टीम नोव्हो नॉर्डिस्कच्या विजयांची यादी लहान आहे. इन्सुलिनच्या शोधाच्या शताब्दी वर्षात, २०२१ मध्ये, टूर द फ्रान्समध्ये उतरायचे असे उद्दिष्ट संघाने जाहीर केले होते. ते साधले नाही. त्याच वर्षीच्या २९९ किलोमीटरच्या मिलान–सान रेमोत फ्रान्सचा शार्ल प्लाने सुरुवातीलाच घोळका सोडून निघालेल्या तुकडीत होता. अशा तुकड्या बहुधा शेवटी गाठल्या जातात, तरी त्या काही तास कॅमेऱ्यासमोर राहतात, आणि प्रायोजकाला हवे असते तेही हेच. जर्सीवर इन्सुलिन विकणाऱ्या कंपनीचे नाव असल्याने संघ म्हणजे चालती जाहिरात, हा आक्षेप खोटा नाही. पण एकाच आजाराचे सायकलपटू घ्यायचे म्हटल्यावर निवडीचा पैस इतका आक्रसतो की बड्या संघांशी निकालांची तुलना करणे गैरलागू ठरते. घोळक्याच्या वेगाने सहा-सात तास टिकून अंतिम रेषा गाठणे हीच या संघाची खरी मोजपट्टी आहे, आणि त्या मोजपट्टीवर तो पुरेसा उतरला आहे.