स्टेशनच्या नावाची गाडी

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून ठाणे, कल्याण आणि त्यांच्या मधली डोंबिवली यांचा सारा व्यवहार स्टेशनाभोवती फिरत आला आहे. ‘पूर्व की पश्चिम?’ हा इथे पत्ता विचारतानाचा पहिला प्रश्न. मोटारींच्या जगात जिचे नावच स्टेशनावरून पडले, ती ‘स्टेशन वॅगन’ मात्र या स्टेशनांच्या गावांत मोजकीच आली. ती कशी आली आणि आली तेवढी कशी टिकली, हे पाहण्यासाठी माझ्याकडे दोन साधने आहेत: मोटार उद्योगाचा ज्ञात इतिहास आणि आमच्या घरातली एक दोनशेपानी वही.

नावापासून सुरुवात करू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून प्रवासी आणि त्यांचे सामान हॉटेलात किंवा घरी पोचवण्यासाठी फोर्ड मॉडेल टीसारख्या गाड्यांवर लाकडी डबा चढवला जाई. त्यातून ‘स्टेशन वॅगन’ हा शब्द रुळला. इंग्लंडात तशाच गाडीला जमीनजुमल्यावरून ‘इस्टेट’ म्हणू लागले. दोन्ही नावांमागची गरज एकच, माणसे आणि सामान एका छपराखाली नेण्याची. आपल्याकडे ती गरज आधी टांग्याने आणि मग रिक्षाने भागवली.

मोटारींशी या पट्ट्याचे नाते मात्र जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात तिथून प्युजो ३०९ बाहेर पडत असे. त्या भागातले मैदान आजही ‘प्रीमियर ग्राउंड’ म्हणूनच ओळखले जाते. कारखाने बंद झाले, पण त्यांनी तयार केलेले हात इथेच राहिले. पुढे जे सांगायचे आहे, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे.

फियाटला मागून डबा जोडून वॅगन करून देणारे कारागीर देशात होते. पण स्वतःच्या नावाने वॅगन काढली ती टेल्कोने. ही कंपनी १९४५ मध्ये रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी स्थापन झाली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९८८ च्या टाटामोबाइल या पिकअपच्या पायावर पुण्यात १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये ‘टाटा इस्टेट’ उभी राहिली. १९४८ सीसीचे डिझेल इंजिन, पाच गिअर, मागच्या चाकांना गती, काचा खालीवर करायला बटणे, आणि मागच्या अंगावर त्या काळच्या मर्सिडीज वॅगनची स्पष्ट छाप. मध्यमवर्गाला ती महाग वाटली आणि पैसेवाल्याला ती मालवाहू दिसली. ज्याला पोरेबाळे, आत्या, मामा सगळ्यांना कोंबून देवदर्शनाला जायचे होते, त्याच्यासाठी १९९४ मध्ये टाटांचीच सुमो आली. पाच जणांची इस्टेट तिच्यापुढे टिकणे कठीण होते. पुढे फियाट सिएना वीकेंड, मारुती बलेनो अल्टुरा, टाटा इंडिगो मरीना या वॅगनही आल्या आणि गेल्या. गाडीला मागे वेगळी डिकी हवी, हा आपला हट्ट काही सुटला नाही.

आता वहीकडे वळतो. माझ्या वडिलांनी १९९४ सालची एक इस्टेट १९९९ मध्ये जुन्या बाजारातून घेतली. नंबर एमएच-०४ मालिकेतला, रंग राखाडी. त्या दिवशी सुरू झालेल्या वहीत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर, सुट्या भागाची किंमत आणि एका ओळीत कारण लिहिलेले आहे. वडील पेशाने कारकून. मेकॅनिक ते या वहीमुळे झाले.

वहीतली सर्वांत दाट लिहिलेली पाने २६ जुलै २००५ नंतरची आहेत. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसरही बुडाला. आमची गाडी सोसायटीच्या आवारात बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्यांना चाव्या लावून पाहिल्या. वडिलांनी लावली नाही. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतात. त्यांनी बॅटरी सोडवली. ऑइल काढले, तर ते दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी होते. मग हीटर प्लग उघडून इंजिन पान्याने हाताने फिरवले आणि पाणी बाहेर काढले. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचे ऑइल बदलले, डिझेलची टाकी रिकामी केली, फिल्टर नवा घातला आणि पंपाने लाइनमधली हवा काढली. या सगळ्यात त्यांच्या सोबत प्रीमियरमधून बाहेर पडलेले एक फिटर होते. ते मजुरी घेत नसत, चहा घेत. नवव्या दिवशी इंजिन सुरू झाले. वहीत त्या तारखेपुढे एकच शब्द आहे: ‘झाली.’

पुराचे खरे बिल मात्र दोन वर्षांनी आले. मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड दिसले. एका गॅरेजने ते घासून, लांबी भरून, वर सुंदर रंग मारून दिला. पुढच्या पावसाळ्यात लांबीचा तुकडाच गळून पडला. आत पत्रा उरलाच नव्हता. तिथून वडिलांनी गंज घरीच हाताळायला घेतला. रीत साधी, पण कष्टाची आहे. स्क्रू ड्रायव्हरने टोचत जावे आणि जिथे पत्रा घट्ट लागेल तिथपर्यंत सडलेला भाग कापावा. नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने बसवावे, रेड ऑक्साइड लावावे आणि लांबी फक्त शेवटी, कागदाएवढी पातळ भरावी. दारांच्या तळाची पाणी निचऱ्याची भोके दर मे महिन्यात तारेने मोकळी करावीत. गालिचाखाली हात घालून ओल पाहावी. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, घोड्या लावाव्यात. मागचे रबर, दिव्यांच्या काचा, दारांच्या कड्या यांसाठी कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात कित्येक रविवार गेले. सिएराचे आणि टाटामोबाइलचे भाग इस्टेटला कुठे चालतात, याची यादी वहीच्या मलपृष्ठावर आहे. अशी यादी मला दुसरीकडे छापील मिळाली नाही.

जुन्या गाडीचा प्रश्न अखेर कायद्यापाशी येऊन थांबतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्याआधी, जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता देऊन ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, आणि पुढच्याच महिन्यात वाहने भंगारात काढण्याचे धोरण जाहीर झाले. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी ओझे ठरू लागते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत तिला कुणी वाली नाही. १९९४ ची इस्टेट २०४४ मध्ये वारसा होईल. तोवर तिला जगवायचे ते कुणाच्या तरी रविवारांनी.

दुसरी बाजूही खरी आहे. ही गाडी २००० साली आलेल्या भारत स्टेज मानकांच्या आधीची आहे. कल्याण-शिळ रस्त्याच्या हवेत तिच्या धुराची भर रोज पडावी, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. म्हणून ती आता महिन्यातून दोनदाच निघते: टायर एका जागी चपटे होऊ नयेत, बॅटरी उतरू नये, एवढ्यापुरती.

२०२४ मध्ये नोंदणीची मुदत पुन्हा संपली. वडिलांनी गाडी चालवणे त्याआधीच सोडले होते. भंगारवाल्याने सांगितलेली रक्कम आणि तपासणीआधीच्या कामांचा अंदाज मी वहीच्या एका पानावर शेजारी शेजारी मांडला आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आकडे पाहिले नाहीत. पाने मागे उलटत ते २००५ पर्यंत गेले आणि म्हणाले, “त्या फिटरचं नाव कुठंच लिहिलं नाही मी.”

ते खरे होते. सत्तावीस नटबोल्टांच्या किमती त्या पानांवर आहेत, पण तो माणूस नाही. कारखान्यांच्या इतिहासात संस्थापक सापडतात, मॉडेले सापडतात, सालेही सापडतात. तिथून बाहेर पडून दुसऱ्याच्या आवारात बसून ऑइल काढणारा माणूस मात्र घरच्या वहीतसुद्धा सुटून जातो. त्यांचे नाव वडिलांनी मला सांगितले, मी ते लिहून घेतले आणि तपासणीसाठी ब्रेकचे काम काढले. आता गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे. वहीत बारा पाने कोरी उरली आहेत.