एम म्हणजे मैल

नवशिका प्रोग्रामर चलांना ए, बी, एक्स अशी एकाक्षरी नावं देतो आणि मग कोड रिव्ह्यूमध्ये शिव्या खातो. गेल्या वीकांताला मी ज्या प्रोग्रामाचा कोड वाचत बसलो होतो, त्यात झाडून सगळी नावं अशीच आहेत. त्यातलं एक आहे एम. एम म्हणजे मैल. १८४७ साली मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावाहून बैल जुंपलेल्या छपरी गाडीतून ओरेगॉनला निघालेलं कुटुंब आतापर्यंत किती मैल आलं, तो आकडा. २०४० झाला की पोचलात.

खेळाचं नाव ‘ओरेगॉन ट्रेल’. ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ मासिकाच्या मे-जून १९७८च्या अंकात त्याचा बेसिक भाषेतला कोड छापून आला होता आणि तो आज महाजालावर सहज सापडतो. दोन हजार मैलांची वाट, नद्या, किल्ले, रॉकी पर्वत, आणि कोडमध्ये नकाशा कुठ्ठेच नाही! ग्राफ नाही, गावांची यादी नाही. एम ९५०च्या वर गेला की डोंगर लागले असं समजायचं, बस. बैलांवर जास्त पैसे खर्च केले असतील तर एम जरा भरभर वाढतो. संपली सगळी भूगोलविद्या.

आणि तरी माझं मत असं झालंय, की शाळेतल्या मुलांना वाटेचा नकाशा वाचायला शिकवणारा इतका चांगला खेळ आधी क्वचितच झाला असेल. हे म्हणणं पटवायचं तर आधी जरा मागे, लंडनला जावं लागेल.

रस्त्याचा नकाशा ही आपल्याला वाटते तितकी जुनी चीज नाही. जॉन ओगिल्बी नावाचा एक अजब गृहस्थ होता. नृत्यशिक्षक, नाटकवाला, व्हर्जिल आणि होमरचा भाषांतरकार. १६६६च्या लंडनच्या आगीत बरंचसं गमावून बसलेला. साठी उलटल्यावर याने इंग्लंड-वेल्सचे रस्ते चाकाच्या यंत्राने मोजून घेतले आणि १६७५ साली ‘ब्रिटानिया’ नावाचं पुस्तक काढलं. १०० पानं, ७३ रस्ते, सुमारे ७,५०० मैल. एका इंचाला एक मैल हे प्रमाण, आणि मैल म्हणजे १,७६० यार्ड हे सगळीकडे सारखं. त्याआधी या गावचा मैल त्या गावच्या मैलाशी जुळेलच याची खात्री नसे.

पण खरी गंमत मांडणीत आहे. ओगिल्बीने देशाचा नकाशा काढलाच नाही. त्याने प्रत्येक रस्ता एका लांब पट्टीवर काढला. पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, खालून वर वाचायच्या. रस्ता कायम वरच जाणार. तो खरोखर पूर्वेला वळला तर पट्टी वळत नाही, पट्टीवरचं दिशादर्शक चक्र फिरतं! चढण असेल तर टेकडी सुलटी, उतार असेल तर टेकडी उलटी. दोन्ही बाजूंना कुंपण असेल तर सलग रेघ, नसेल तर तुटक.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या फोनमधली बाई ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ म्हणते तेव्हा पडद्यावर नेमकं हेच चाललेलं असतं. आपण कायम वर तोंड करून आणि जग आपल्याभोवती फिरतंय. उपग्रह वगैरे नंतर आले, पण कल्पना ३५० वर्षांची. अशा पट्टीचा फायदा म्हणजे माणूस चुकत नाही. तोटा असा, की पट्टीच्या बाहेर काय आहे हे त्याला अजिबात कळत नाही. रस्ता बंद निघाला की संपलं.

पुढच्याच वर्षी, १६७६ साली, रॉबर्ट मॉर्डन नावाच्या नकाशेवाल्याने एक भारी शक्कल काढली. इंग्लंड आणि वेल्सच्या काउंट्या किती, तर बरोब्बर ५२. पत्ते किती? ५२! मग काय, एकेका पत्त्यावर एकेक काउंटी छापली. वर बदाम-इस्पिकाचं चिन्ह, मध्ये इवलासा नकाशा, खाली लांबी-रुंदी आणि लंडनपासूनचं अंतर. त्या नकाशांत रस्तेही होते. काउंटीच्या छापील नकाशात रस्ते दिसण्याची ही अगदी सुरुवातीची वेळ. (पत्ते कुटणाऱ्याला भूगोल किती आला असेल, ही शंका मलाही आहे.)

मग १७५९ साली जॉन जेफ्रीज या लंडनच्या लेखन-शिक्षकाने युरोपच्या नकाशावरचा खेळ काढला, ‘अ जर्नी थ्रू युरोप, ऑर द प्ले ऑफ जिऑग्रफी’. गावांना क्रमांक, क्रमाक्रमाने पुढे जायचं, लंडनला पोचेल तो जिंकला. फासे म्हणजे जुगार, म्हणून अशा खेळांत आकडे लिहिलेली भिंगरी फिरवत. हॅनोव्हरला पोचलात तर राजेसाहेबांच्या हुकमाने थेट जिब्राल्टरला रवानगी, कारण इंग्लंडचा राजा तिथलाही शासक. रोमला पोचून पोपच्या पायाचं चुंबन घेतलंत तर थेट आइसलंडच्या थंडीत हद्दपारी. म्हणजे भूगोलाबरोबर राजकारण आणि प्रॉटेस्टंट बाळकडू फुकट.

खेळ मजेचा असणार. पण कोडवाल्याच्या नजरेने पाहिलं तर यात नकाशा ही निव्वळ सजावट आहे. भिंगरीवर चार आले, चार घरं पुढे. माद्रिदच्या जागी वडगाव लिहिलं तरी डाव तसाच चालेल. रस्ता ठरलेला, निर्णय भिंगरीचा, पोराने फक्त मोजायचं. आपली सापशिडीच ती.

१७६०च्या दशकात लंडनच्याच जॉन स्पिल्सबरीने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवर करवतीने कापला आणि आपल्या सगळ्यांच्या लहानपणच्या जिगसॉ कोड्यांचा पाया घातला. इथे मुलाला निदान खरं काम आहे. तुकडा कुठे बसतो हे त्यालाच शोधायचंय. मात्र कापलं सीमेवर, म्हणून शिकायला मिळतात सीमा. रस्ते नाहीत.

(मराठीतलं उदाहरण हवं तर तंजावरला जावं लागतं. सरफोजी राजे दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं आणि नाच-गाण्याच्या कुरवंजी साच्यात चक्क जगाचा भूगोल बसवला. खेळ नव्हे, पण हेतू तोच. आपल्या शाळांत ते नाव कुणी घेत नाही. असो.)

आता अमेरिका. ओरेगॉनच्या वाटेचाही एक प्रसिद्ध नकाशा होता. जॉन फ्रेमाँटच्या मोहिमांच्या नोंदींवरून चार्ल्स प्रॉइसने तो काढला आणि १८४६ साली सात भागांत छापला गेला. एका इंचाला दहा मैल, कडेला गवत, पाणी, सरपण यांच्या टिपा. म्हणजे पुन्हा ओगिल्बीची पट्टीच.

त्याच १८४६ साली डॉनर मंडळींचा तांडा कॅलिफोर्नियाला निघाला होता. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या वकिलाने आदल्या वर्षी छापलेल्या मार्गदर्शकात एक जवळची वाट सुचवली होती. लिहिली तेव्हा ती त्याने स्वतः पार केलेली नव्हती. (टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनला. नवीन काही नाही.) ती वाट घेतल्याने आठवडे वाया गेले, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत बर्फ सुरू झालं, आणि ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे मेले. फाट्यावर उभं राहून ‘हा रस्ता खरंच जवळचा का’ हे ठरवता येणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

१९७१ साली मिनिआपोलिसमध्ये डॉन रॉविच हा विद्यार्थी-शिक्षक आठवीच्या वर्गाला हाच काळ शिकवणार होता. त्याने खाटीक मटण गुंडाळायला वापरतात तसला जाड कागद जमिनीवर अंथरून त्यावर पश्चिम अमेरिकेचा नकाशा काढायला घेतला. फासे टाकायचे, पुढे जायचं, चिठ्ठ्यांवर संकटं. म्हणजे थोडक्यात जेफ्रीजचाच खेळ. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याच्याबरोबर राहणारे मित्र गणित शिकवायचे आणि त्यांना प्रोग्रामिंग येत होतं. ते म्हणाले, हे संगणकावर टाकू. दोनएक आठवड्यांत खेळ तयार झाला आणि ३ डिसेंबर १९७१ला वर्गात आला.

संगणक म्हणजे तरी काय? पडदा नाही. फोनच्या तारेने दूरच्या यंत्राला जोडलेला टेलिटाइप, खडखड करत कागदाच्या गुंडाळीवर छापणारा. त्याला चित्र काढणं शक्यच नव्हतं. म्हणून जमिनीवरचा तो भलामोठा नकाशा आटून झाला एम.

आणि इथेच मजा झाली. यंत्र एक, मुलं बरीच. सुरुवातीला मतदानाने उत्तरं ठरायची, मग मुलांनी आपसात कामं वाटून घेतली. ज्याचा टंकवेग चांगला तो शिकारीवर, कारण ‘बँग’ हा शब्द जितक्या झटकन आणि बिनचूक टंकाल तितका नेम चांगला. हिशेबात हुशार तो पैशांवर. आणि एकाकडे नकाशा. यंत्राने मैल छापले की तो आकडा वाटेवर नेमका कुठे पडतो हे या नकाशावाल्याने बघायचं. डोंगर किती लांब, हिवाळ्याच्या आत पोचणार का, आता शिकारीला थांबणं परवडेल का.

रस्त्याचा नकाशा वाचणं म्हणजे हेच की! प्रमाणावरून अंतर काढायचं, अंतरावरून जागा, आणि जागेवरून निर्णय. यंत्र दुबळं होतं म्हणून हे काम पोराच्या वाट्याला आलं. कुणी शिक्षणतज्ज्ञाने ठरवून केलेलं नव्हतं. शाळेच्या वेळेआधी आणि नंतर मुलं रांगा लावायची म्हणे.

सत्र संपल्यावर रॉविचने प्रोग्राम यंत्रावरून पुसला, फक्त कोडचा छापील कागद जपून ठेवला. १९७४ साली तो मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत, ‘मेक’मध्ये, नोकरीला लागला आणि कागद बघून सगळं पुन्हा टंकलं. या वेळी त्याने वाटसरूंच्या खऱ्या रोजनिश्या वाचून कुठलं संकट किती वेळा यावं याचं प्रमाण सुधारलं. रोजनिश्यांत मूळ रहिवाशांनी मदत केल्याच्या नोंदी होत्या, म्हणून ते अन्नाची जागा दाखवतात असाही प्रसंग आला. पण ज्यांच्या जमिनीतून ही वाट जात होती, त्यांना खेळात ‘प्रसंग’ यापलीकडे जागा नव्हती, ही टीका पुढे बरीच झाली आणि मला ती रास्त वाटते. पट्टीच्या बाहेरचं दिसत नाही, ते असं.

१९८५ साली अॅपल टू साठी फिलिप बूशार्डच्या चमूने खेळ नव्याने रचला. बहुतेकांना आठवतो तो हाच. यात नकाशा परत आला आणि वाटेला फाटे फुटले. साउथ पासपाशी ग्रीन नदीकडे की फोर्ट ब्रिजरकडे, शेवटी कोलंबिया नदीतून तराफ्यावर की पैसे भरून बार्लोच्या घाटरस्त्याने. फाटे येणं ही फार मोठी सुधारणा, माझ्या मते तरी. पण पुढचा टप्पा किती मैलांवर हे आता पडदाच सांगू लागला, आणि ‘नकाशा पाहा’ म्हटलं की आपण कुठे आहोत तेही. वर्गातल्या त्या नकाशावाल्या पोराची नोकरी गेली ती गेलीच. आपल्या सगळ्यांची फोनने घालवली, तशीच.

हे सगळं वाचून हात शिवशिवले, म्हणून रविवारी आमच्या सोसायटीतल्या सहावी-सातवीच्या चार मुलांना गोळा केलं. महाराष्ट्राचा घडीचा रस्ते-नकाशा जमिनीवर पसरला. पुण्याहून रत्नागिरीला जायचं. मी टेलिटाइप, म्हणजे फक्त किलोमीटर सांगणार, बाकी अवाक्षर नाही. ‘एकशे दहा’ म्हटल्यावर सातारा लगेच सापडलं. ‘दीडशे’वर मात्र उंब्रज की कराड यावरून जुंपली. शेवटी उंब्रज ठरलं आणि उजवीकडचा पाटणचा फाटा धरून चिपळूणला उतरायचा बेत झाला.

मग मी चिठ्ठी काढली : दरड कोसळली, कुंभार्ली घाट बंद.

एकजण म्हणाला, मागे फिरून महाबळेश्वर, तिथून पोलादपूर. एक मुलगी म्हणाली, मागे कशाला? कराडवरून मलकापूर आणि आंबा घाट. कुणी मान्य करेना. तेव्हा तिने घरून शिवणाचा दोरा आणला, दोन्ही वाटांवर तो वळणावळणाने ठेवला आणि खालच्या प्रमाणपट्टीवर मोजला. आंबा घाट बराच जवळ निघाला. हरलेल्याने दोरा नीट निरखून पाहिला आणि हरकत घेतली, ‘काका, घाटात ही दोरा सरळ टाकतेय. परत मोजायला सांगा.’

परत मोजलं. तरी आंबाच.

कुणाला करून बघायचं असेल तर दोन गोष्टी. नकाशा असा घ्या, ज्यात गावागावांमधलं अंतर छापलेलं नाही, नाहीतर मुलं दोरा आणतच नाहीत. आणि घाट बंदच्या चिठ्ठ्या दोन-तीन तरी ठेवा.